फलकावरचा निकाल

टीव्हीवर फुटबॉल पाहताना मध्यांतरात मी जागचा हलत नाही. स्टुडिओतले माजी खेळाडू कशावरून हुज्जत घालतात ते ऐकायची ओढ मला खेळाइतकीच आहे, आणि ती फार जुनी आहे. या बैठकीला आजचं रूप कुणी दिलं, याचा माग काढत गेलं की लांब हनुवटीच्या जिमी हिलपाशी पोचायला होतं.

खेळाडू म्हणून हिल बेताचाच. आधी ब्रेंटफर्ड, मग फुलहॅम. नाव झालं ते खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून. इंग्लंडमध्ये तेव्हा कितीही मोठ्या खेळाडूला आठवड्याला २० पौंडांवर पगार देता येत नसे. संघटनेने संपाची तयारी केली आणि जानेवारी १९६१मध्ये ती मर्यादा उठली. फुलहॅमचाच जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागला. पुढे प्रशिक्षक म्हणून हिलने कॉव्हेंट्रीला तिसऱ्या श्रेणीतून पहिलीत नेलं आणि पहिल्या श्रेणीतला हंगाम सुरू होताना क्लब सोडून टीव्हीची वाट धरली.

१९७०च्या मेक्सिको विश्वचषकासाठी हिलच्याच पुढाकाराने आयटीव्हीने स्टुडिओत चौघांना बसवलं: माल्कम ॲलिसन, डेरेक डुगन, पॅट क्रेरँड आणि इंग्लंडच्या अंतिम संघातून नुकताच वगळलेला बॉब मॅकनॅब. चौघे मोकळेपणाने भांडले आणि बीबीसीचे प्रेक्षक इकडे वळले. मला यात पगाराच्या लढ्याचाच पुढचा भाग दिसतो. खेळाडूच्या पायांना मोल मिळालं होतं, आता त्याच्या जाणकारीलाही मिळू लागलं.

१९७३मध्ये हिल बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’वर आला. पण त्याच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी संध्याकाळ स्टुडिओतली नाही. ती १९ मे १९७७ची, कॉव्हेंट्रीच्या हायफील्ड रोड मैदानावरची.

हंगामाचा शेवटचा दिवस. कॉव्हेंट्री, ब्रिस्टल सिटी आणि संडरलंड या तिघांपैकी एकाला खालच्या श्रेणीत जावं लागणार होतं. कॉव्हेंट्री आणि ब्रिस्टल समोरासमोर, तर संडरलंड दूर एव्हर्टनच्या मैदानावर. बीबीसीच्या पडद्यावर दर शनिवारी दिसणारा हिल तेव्हा कॉव्हेंट्रीचा व्यवस्थापकीय संचालकही होता. गर्दी आत यायची आहे म्हणून सामना काही मिनिटं उशिरा सुरू झाला. कॉव्हेंट्रीची २-० आघाडी ब्रिस्टलने पुसून २-२ केली. तेवढ्यात तिकडचा सामना संपला, संडरलंड ०-२ हरलं, आणि हिलने तो निकाल लगेच फलकावर लावायला सांगितला. बरोबरी राहिली तर दोघेही वाचतात, हे बावीसही खेळाडूंना कळलं. उरलेली मिनिटं चेंडू आपापल्या अर्ध्यात फिरत राहिला. संडरलंड एका गुणाने खाली गेलं.

लीगने पुढे कॉव्हेंट्रीला समज दिली. उशिराबद्दल मी हिलला दोष देणार नाही, गर्दी खरोखरच होती. फलकाबद्दल मात्र देतो. देशाला फुटबॉल समजावून सांगणाऱ्या माणसाचा गुणतक्त्यात वाटा असू नये. त्याच्या शब्दाला वजन येतं ते निकालाशी त्याचा काही संबंध नसतो म्हणून.

चार वर्षांनी, १९८१मध्ये, त्याच्याच आग्रहाने इंग्लिश लीगने विजयाला दोनऐवजी तीन गुण द्यायला सुरुवात केली. बरोबरीवर समाधान मानणाऱ्यांना आळा बसावा, हा हेतू. १९९४च्या विश्वचषकात हाच नियम आला, आणि आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्येही तोच चालतो. हायफील्ड रोडवरच्या त्या शेवटच्या मिनिटांनंतर ही सुधारणा त्याच माणसाच्या हातून व्हावी, याचं मला अजून नवल वाटतं.

स्कॉटलंडचा राग वेगळा. १९८२च्या विश्वचषकात डेव्हिड नॅरीने ब्राझीलविरुद्ध लांबून गोल मारून स्कॉटलंडला पुढे नेलं, आणि हिलने त्याचं वर्णन बुटाच्या टोकाने ढकललेला चेंडू असं केलं. स्कॉटिश प्रेक्षक पुढे कित्येक वर्षं त्याच्या नावाने शिव्या घालत होते. माझ्या मते इथे तो आपलं काम करत होता. पाय चेंडूला कसा लागला ते त्याने पाहिलं आणि जसं दिसलं तसं सांगितलं. ब्राझीलने तो सामना ४-१ जिंकला.