श्रवणसाधनांवरील खर्चाची वांटणी

हेडफोन लावून निवांतपणें गाणें ऐकण्याची चाल आपल्या घरांतून आतां चांगलीच रुळली आहे. परंतु त्यासाठीं बाजूस काढलेल्या रकमेचा विनियोग पुष्कळदां उलटा होतो, असें आमच्या पाहण्यांत आहे. समजा, एखाद्या सेवानिवृत्त गृहस्थांनीं या हौसेसाठीं ४०,००० रुपये काढले. डॅक, अ‍ॅम्प्लिफायर व हेडफोन या तिहींवर सारखाच खर्च करावा, असा सल्ला त्यांस कोणीतरी देतोच. तिघां भावांत शेत वांटावें तशी ही वांटणी न्याय्य दिसते खरी. पण या तिघांचीं कामें सारखीं नाहींत.

डॅकनें आंकड्यांच्या रूपांतील ध्वनि विद्युत्प्रवाहाच्या रूपांत आणावयाचा, एवढेंच. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडींत सेकंदास ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. तेवढ्यांतहि सुमारें ९६ डेसिबलचा आवांका सांपडतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर त्याच्या कितीतरी आधीं कानीं येते. हें काम हल्लीं अल्प किंमतीचे डॅकहि चोख करितात. हेडफोनची गोष्ट निराळी. विजेनें पडदा हलावयाचा आणि पडद्यानें हवा हलवावयाची, ही सारी यांत्रिक खटपट तेथें चालते. म्हणून दोन हेडफोनांमधील फरक तंबोऱ्याच्या खर्जांत काय किंवा तारसप्तकांत काय, साध्या कानासहि कळतो. आमच्या मतें शंभरांतील ७० ते ७५ भाग हेडफोनसच द्यावे. महागड्या तारांस दमडीहि देऊं नये.

अ‍ॅम्प्लिफायर हवा कीं नको, हें हेडफोन पाहून ठरवावें. सोनीचा ६३ ओहमचा एमडीआर-७५०६ लॅपटॉपवरहि मोकळेपणीं वाजतो. सेनहायझरचा एचडी ६०० मात्र ३०० ओहमचा. त्यास विद्युद्दाब अधिक लागतो, आणि दुबळ्या साधनावर तो बारीक आवाजांत वाजतो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा एक ढोबळ नियम आहे. तो मोडल्यास कांहीं हेडफोनांत खालचे स्वर उगीच फुगतात.

शिवाय एचडी ६०० पाठीमागून उघडा असतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत शेजारीं मूल अभ्यासास बसलें असेल, तर त्याच्या कानींहि भैरवी जाईल! अशा घरीं बंद पाठीचाच घ्यावा. वयपरत्वें अतिसूक्ष्म उंच ध्वनि ऐकूं येईनासे होतात. तेव्हां त्यांच्या नांवाखालीं जादा किंमत मोजण्यापूर्वीं साठी उलटलेल्यांनीं विचार करावा. आवाजहि बेताचाच ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबलवर आठवड्यास ४० तास ही मर्यादा सांगितली आहे.

कानांवरील गाद्या कांहीं वर्षांनीं दबतात, आणि मग खर्ज पातळ होतो. तेव्हां उरलेल्या रकमेंतून थोडे रुपये नव्या गाद्यांसाठीं शिल्लक ठेवावे.