फायबरची होडी आणि आतलं कुजकं लाकूड

फायबर कुजत नाही, हे खरं. फायबरची होडी मात्र कुजते. जुन्या अनेक होड्यांच्या तळाला आतून लांबीच्या दिशेनं लाकडी आधार बसवलेले असतात. कारागीर त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. त्यांच्यावर रेझिन आणि काचतंतूंच्या मॅटचा थर चढवलेला असल्यामुळे लाकूड नजरेला पडतच नाही. इंजिन टांगायची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, तीही बहुधा प्लायवूडचीच असते. तळ पायाखाली लवायला लागला, इंजिनाचे बोल्ट आवळूनही ढिले पडू लागले, की संशय या लाकडावर घ्यावा.

वाशिमसारख्या समुद्र नसलेल्या जिल्ह्यात साहजिकच वाटतं, की आपल्या एकबुर्जी किंवा अडाण धरणाचं पाणी गोडं, ते होडीला काय करणार? खरी गोष्ट उलटी आहे. खारं पाणी लोखंड गंजवतं, पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. पूर्वी लाकडी जहाजांच्या फासळ्यांमध्ये मुद्दाम मीठ भरून ठेवत. बुरशी फोफावते ती गोड्या पाण्यावर, त्यातही पावसाच्या. काठावर उताणी पडलेली होडी चार महिने पाणी साठवत राहते. ते पाणी सीटच्या, कड्यांच्या स्क्रूभोवतीच्या भोकांतून आणि केसाएवढ्या भेगांतून लाकडापर्यंत उतरतं. बाहेरचं पाणी अडवायला लावलेला थर मग आतलं पाणी कोंडून धरतो.

म्हणूनच ‘उन्हात टाका, वाळली की ठीक होईल’ हा सल्ला फसवा. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांखाली गेला की बुरशी थंडावते, एवढं बरोबर. पण फायबरखालचं लाकूड वैशाखातल्या उन्हातही सहजी वाळत नाही, आणि वाळलं तरी गेलेली ताकद परत येत नाही.

भोकं पाडून पातळ इपॉक्सी रेझिन ओतण्याचा उपायही असाच लोकप्रिय. बोटभर कोरड्या जागेपुरता तो चालतो. ओल्या, भुसभुशीत लाकडात इपॉक्सी सगळीकडे पोचत नाही. वरून टणक, आतून पोकळ असा आधार तयार होतो.

तपासणी अवघड नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं स्ट्रिंगर ठोकत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका आली तर खालच्या बाजूला बारीक भोक पाडून भुसा तळहातावर घ्या. फिकट, कोरडा असेल तर लाकूड शाबूत. तपकिरी, ओला, कुबट वासाचा असेल तर ते काढावंच लागेल. भोक मात्र त्याच दिवशी बुजवा.

दुरुस्तीत घाईनं ग्राइंडर हातात घेणारे सगळ्यात मोठं नुकसान करतात. स्ट्रिंगर निघाला की तळ सैल पडतो आणि होडी वाकडी टेकलेली असेल तर तोच वाकडेपणा कायम होतो. म्हणून आधी जागोजागी टेकू देऊन ती समतल बसवा, जुन्या आधारांची उंची आणि जागा पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, मग एका वेळी एकच आधार कापा. नवं प्लायवूड आयएस 710 दर्जाचं, म्हणजे मरीनच हवं. फर्निचरचं उरलेलं नको. त्याच्या कडा इपॉक्सीनं बंद करा, तळाशी दाट इपॉक्सीचा गादीसारखा थर देऊन त्यावर बसवा, कोपऱ्यांना गोलाई द्या आणि वर काचेच्या कापडाचे एकापेक्षा एक रुंद थर चढवा. जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी स्वस्त पॉलिएस्टर रेझिनपेक्षा घट्ट धरते. मात्र तिच्याबरोबर साधी मॅट वापरू नका. त्या मॅटमधला चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. विणलेलं कापड घ्या.

पॉलिएस्टरच वापरणार असाल, तर एक गोष्ट जिवाची आहे. रेझिन आळवण्यासाठी घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर घाला. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवा, आणि घासताना मास्क. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी रेझिन डब्यातच आळतं, तेव्हा काम सकाळी लवकर उरकावं.

ट्रान्सम, बहुतेक स्ट्रिंगर आणि तळाचं फायबरही मऊ झालं असेल, तर खर्च करू नका, ती होडी मोडीत काढा. बाकीच्यांनी नवे स्क्रू मारताना भोक मोठं पाडून इपॉक्सीनं भरावं आणि त्यात पुन्हा बारीक भोक घ्यावं. मृगाच्या आधी बुडाचं बूच काढून होडी पालथी घालावी. एवढ्यानंच पुढची दुरुस्ती बरीच वर्षं लांबते.