खाणीवरचा वजनकाटा आणि भाड्याचा सर्व्हर

गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीतून निघालेला खनिजाचा ट्रक जेटीवर रिकामा होईपर्यंत किती दप्तरांत त्याची नोंद होते, हे रस्त्याकडेला धूळ खाणाऱ्याला कळायचं कारण नाही. खाण खात्याला रॉयल्टी भरल्याचा पुरावा हवा, वाहतूक खात्याला ट्रकचे कागद, बंदर खात्याला बार्जचा हिशेब. कंपनीचा हिशेब आणखी वेगळा. या सगळ्या नोंदी एकमेकींशी कशा जुळाव्यात, त्याचा आराखडा आखणं म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी 1987 मध्ये त्यासाठी रकान्यांचा एक तक्ता मांडला. पुढची कित्येक वर्षं असे तक्ते भरण्यातच आराखडा आखणाऱ्या आर्किटेक्टांचा वेळ गेला.

तक्ता भरला की पुढचा प्रश्न यंत्रांचा. गर्दीच्या दिवसाचा अंदाज बांधायचा, पाच वर्षांची वाढ धरायची आणि तेवढे सर्व्हर विकत घ्यायचे. गोव्यात हा अंदाज बांधणार कसा? 2010-11 मध्ये इथून 5 कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झालं, थोडं कर्नाटकातलंही धरून. दहा टनी ट्रकाच्या हिशेबाने 50 लाख खेपा. पावसाळ्यात मात्र खाणीवर सामसूम. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर मार्च 2018 पासून परत थांबल्या. लिलावात गेलेल्या डिचोली ब्लॉकमध्ये काम सुरू व्हायला 2024 उजाडलं. विकत घेतलेला सर्व्हर या काळात नुसता जुना होत जातो.

ॲमेझॉनने 2006 मध्ये संगणनशक्ती तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. 2014 मध्ये केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा क्लाउड आला, 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर पुण्यात, 2016 मध्ये ॲमेझॉनची मुंबईत. सर्व्हर ऑक्टोबरात वाढवा, जूनमध्ये कमी करा. अंदाज चुकण्याची भीती गेली, पण आर्किटेक्टचं काम काही संपलं नाही.

खाणीवरचा वजनकाटा घ्या. ट्रक काट्यावर उभा आहे आणि नेट गेलं. मुंबईतल्या सर्व्हरची वाट पाहत बसलं तर मागे रांग लागते. म्हणून वजन घेणं आणि पावती छापणं काट्याजवळच्या संगणकावरच झालं पाहिजे. नेट आलं की नोंद पुढे जाईल. पण पाठवताना मध्येच खंड पडला तर तीच नोंद दोनदा जाते आणि एका खेपेच्या दोन होतात. उपाय साधा आहे: प्रत्येक खेपेला काट्यावरच एक क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने दुसरी नोंद करायचीच नाही. कुठलं काम कुठे व्हावं आणि बिघाडात कोणी काय करावं, हे ठरवणं हेच आता आराखड्याचं मुख्य अंग झालं आहे. मला हा बदल तक्त्यांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

हे खाणीपुरतंच नाही. पेडण्यात मोप्याचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे. तिथेही हंगाम पावसाळ्यानंतरचाच, आणि व्यवहार विमान कंपन्या, सुरक्षा, इमिग्रेशन अशा अनेकांत वाटलेला. अशा ठिकाणी बिघाड किती पसरतो ते एकदा दिसलं: 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा देशातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. सगळीकडे एकदम सुधारणा पोचवणारी सोयच सगळीकडे एकदम बिघाडही पोचवते.

शिवाय भाड्याच्या सर्व्हरचं दरमहा बिल येतं, आणि ते नोंदींबरोबर वाढतं. हजार ट्रकांनी दहा तास दर दहा सेकंदांनी आपलं ठिकाण कळवलं तर दिवसाला 36 लाख नोंदी. मिनिटाला एकदा कळवलं तर 6 लाख. किती वेळाने कळवायचं, हा प्रश्न पूर्वी प्रोग्रामर परस्पर सोडवत असे. आता तो आर्किटेक्टकडे येतो आणि उत्तर बहुधा ट्रकमध्येच सापडतं: नेमून दिलेला मार्ग यंत्रात भरून ठेवायचा, ट्रक मार्गावर आहे तोवर मिनिटाला एक नोंद, मार्ग सोडला की दर दहा सेकंदांनी.