बायोडाटा ठेवून जा

भोसरी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात जागा निघाली की आधी गेटच्या पत्र्यावर एक कागद चिकटतो. 'पाहिजेत – सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, हेल्पर. आयटीआय पास किंवा अनुभवी. समक्ष भेटा.' मग तीच जाहिरात इंग्रजीत नोकरीच्या पोर्टलवर आणि ॲपवर जाते. गेटवरून आलेला आणि मोबाइलवरून आलेला, दोघंही शेवटी माझ्याच टेबलाशी येतात. आमच्याकडे 70-80 माणसं कामाला. त्यामुळे एचआर मीच, टाइम ऑफिस मीच आणि कँटीनचा चहा पाणचट झाला ही तक्रारही माझ्याकडेच.

गावाकडून फोन येतात ते बहुतेक एकाच प्रश्नाचे. "पोराचा फॉर्म ऑनलाइन भरू, का पुण्याला पाठवून देऊ?" मी उलट विचारतो, कुठल्या कारखान्यासाठी? पलीकडच्याला वाटतं मी टाळतोय. पण वीस-तीस मशिनचं वर्कशॉप आणि चाकणची मोटार कंपनी यांची भरतीची रीतच वेगळी. पोरं नेमकं उलटं करतात. वर्कशॉपला ऑनलाइन शोधत बसतात आणि मोठ्या कंपनीच्या गेटवर उन्हात उभी राहतात.

पोर्टलवर जाहिरात टाकली की दुपारच्या जेवणाआधी अर्जांचा ढीग लागतो. लेथसाठी बी.कॉम. झालेला मुलगा असतो, सेटरच्या जागेसाठी कॉल सेंटरमधला असतो, कोणी गोंदियाचा तर कोणी गोरखपूरचा. एक बोट दाबलं की अर्ज जातो, मग जाहिरात वाचतो कोण? फोन लावावा तर निम्मे उचलत नाहीत, कर्ज विकणाऱ्यांचा समजून कट करतात. उचललाच तर विचारतात, "कुठली कंपनी म्हणालात, सर? बऱ्याच ठिकाणी टाकलंय." त्यांना तरी काय बोलणार? टाकलेल्या अर्जांपैकी बहुतेकांना ना होकार आलेला असतो ना नकार.

सगळे अर्ज मी उघडत नाही, आणि माझ्या जागी बसणारं कोणी उघडतही नाही. आधी चाळणी लागते. अंतर किती, अनुभव किती, आणि उमेदवार अलीकडच्या काळात साइटवर आला होता का. वर्षभरापूर्वी प्रोफाइल बनवून विसरून गेलेला मुलगा कितीही चांगला असो, माझ्या स्क्रीनवर तो येतच नाही. दुसरी गोष्ट शब्दांची. मुलं लिहितात 'मशिन ऑपरेटर'. मी शोधतो 'फानुक', 'सिमेन्स', 'टर्निंग सेंटर', 'बोअर गेज'. ज्यानं कोणत्या कंट्रोलवर काम केलं, कोणती मापयंत्रं वापरली ते साध्या शब्दांत लिहिलंय, तो सापडतो. ज्यानं 'हार्डवर्किंग अँड ऑनेस्ट' लिहिलंय तो सापडत नाही, कारण मेहनती आणि प्रामाणिक सगळेच असतात.

हे शब्द बहुतेक वेळा मुलांचे नसतातच. ते असतात आयटीआयजवळच्या झेरॉक्सवाल्याचे. त्याच्या संगणकात एक फाइल असते, नाव-पत्ता बदलून तीच सगळ्यांना छापून मिळते. म्हणून एका बॅचच्या सगळ्या मुलांचा करिअर ऑब्जेक्टिव्ह शब्दशः सारखा, छंद सगळ्यांचे क्रिकेट आणि गाणी ऐकणे. एका बायोडाटावर तर वर एका मुलाचं नाव आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे'नंतर सही कराय‍च्या जागी दुसऱ्याच मुलाचं नाव छापलेलं होतं. यात हसण्यासारखं असलं तरी पुढचा प्रकार महागात पडतो. पोर्टलवर नोंदणी करताना घाईत दुकानदाराचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकला जातो. ओटीपी त्याच्याकडे, मुलाखतीचा निरोपही त्याच्याकडे. मुलगा गावाकडे वाट बघत बसतो.

आता गेट. तिथं पहिला अधिकारी वॉचमन. आमच्याकडे त्यांना सगळे मामा म्हणतात. आलेल्या मुलाला मामा आधी पायांपासून बघतात, चप्पल आहे की बूट. मग विचारतात, "कुठला रं तू?" जागा नसली की "बायोडाटा ठेवून जा" म्हणतात आणि कागद केबिनमधल्या ट्रेमध्ये जातो. त्या ट्रेचं पुढं काय होतं हे लोकांना वाटतं तितकं वाईट नाही. रात्रपाळीचा एखादा ऑपरेटर अचानक यायचा बंद झाला की मी पोर्टल उघडत बसत नाही. मामांना हाक मारतो आणि ट्रेमधले वरचे चार-पाच कागद मागवतो. ती मुलं जवळपास राहणारी असतात, संध्याकाळपर्यंत येऊ शकतात, आणि गेटपर्यंत आली होती एवढं तरी नक्की असतं.

मात्र मामांची चाळणी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या तालुक्यातला मुलगा निघाला तर कागद ट्रेच्या वरच्या बाजूला येतो. कुठं आडनाव बघितलं जातं, कुठं कंत्राटदार स्थानिक मुलांना मुद्दाम टाळतो, कुठं बाहेरच्यांना. मशिन आडनाव वाचून तोंड वाकडं करत नाही, ही ऑनलाइन अर्जाची जमेची बाजू मला मान्य आहे.

गेटमधून आत आलेल्या मुलाची परीक्षा मात्र कोणत्याही पोर्टलला घेता येत नाही. आमचे सुपरवायझर टेबलावर एक टर्न केलेली पिन आणि 0 ते 25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर ठेवतात. "माप काढ," एवढंच म्हणतात. बघायचं असतं ते माप नव्हे, हात. जाणता मुलगा आधी पिन कापडानं पुसतो. मायक्रोमीटर पूर्ण मिटवून शून्य येतंय का बघतो. मग पिन धरून मागचा रॅचेट फिरवतो, दोन-तीन वेळा टक् टक् वाजला की थांबतो. नवखा मुलगा थेट जाड नळी धरून नळाची तोटी आवळावी तसा आवळतो. त्यानं मापही चुकतं आणि मायक्रोमीटरही बिघडतो. वाचतानाची नेहमीची चूक अर्ध्या मिलिमीटरची. नळीचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे मधली अर्ध्याची रेघ दिसली नाही की 12.87 ला मुलगा 12.37 सांगतो. ड्रॉइंगवर 25 एच-7 चं भोक असेल तर सगळी सूट 0 ते 0.021 मिलिमीटर. तिथं अर्धा मिलिमीटर विसरणाऱ्याच्या हातात मशिन देता येत नाही.

या परीक्षेत सोनेरी फाइल घेऊन आलेली मुलं गडबडलेली मी पाहिली आहेत. उदगीरकडचा एक मुलगा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसती मार्कशीट घेऊन आला होता, बायोडाटा नावाचा कागदच नव्हता. त्यानं पिन पुसली, कडेला बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, याला बर आहे, आधी काढू का?" पिनच्या कडेला उरलेली ती धातूची बारीक कूस आमच्या सुपरवायझरनी मुद्दाम ठेवलेली असते. मुलाला त्याच दिवशी कामावर घेतलं. ऑनलाइन त्यानं अर्ज केला असता तर माझ्या चाळणीतून तो आलाच नसता, कारण अनुभवाच्या रकान्यात त्याच्याकडे लिहायला काही नव्हतं. गावातल्या काकाच्या लेथवर तो आठवीपासून बसत होता, पण त्यासाठी पोर्टलवर रकाना नाही.

गेटवर येण्याचा दुसरा फायदा मुलाचा. तोही आम्हाला बघून घेतो. शॉपमध्ये तेल सांडलंय का, माणसांच्या पायात सेफ्टी शूज आहेत की चप्पल, हे एका नजरेत कळतं. बाकीचं समोरच्या टपरीवर कळतं. पगार सात तारखेला होतो की वीसला, पीएफ खरंच भरतात की नुसता कापतात, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट मिळतो की सिंगल. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, रोल कोणाचा? जाहिरातीत कंपनीचं नाव असतं आणि पगारपत्रकावर कंत्राटदाराचं. सात महिने झाले की 'ब्रेक' देतात का, म्हणजे 240 दिवस भरू देतात की नाही, हे जाहिरातीत कधीच येत नाही. टपरीवर चहा संपायच्या आत कळतं.

पूर्वीही नोंदणी आणि गेट असे दोन रस्ते होतेच. 1959 च्या कायद्यानं 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं होतं. कळवणं बंधनकारक, तिथूनच माणूस घेणं नव्हे. त्यामुळे कार्ड काढून लोक वर्षानुवर्षं नूतनीकरण करत राहिले आणि लागले ते ओळखीनं किंवा पेपरातल्या 'पाहिजेत'मधून. 1997 साली नोकरी डॉट कॉम आलं, पण त्याचा फायदा पहिली कितीतरी वर्षं इंग्रजी येणाऱ्या, संगणकाजवळ बसणाऱ्या माणसांनाच झाला. फिटर-टर्नरपर्यंत ही गोष्ट पोचली ती स्वस्त मोबाइल आणि स्वस्त डेटा आल्यावर. आता राज्य सरकारची नोंदणीही महास्वयं पोर्टलवर आहे.

काही बाबतीत गेटवर जाणं म्हणजे बसभाडं वाया. अप्रेंटिसशिप हे त्याचं ठळक उदाहरण. अप्रेंटिस कायदा 1961 चा. आताच्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. करार अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदला जातो, त्याशिवाय तो अप्रेंटिस धरलाच जात नाही. मुलगा गेटवर येऊन कितीही चांगलं माप काढो, मी त्याला हेच सांगणार की आधी नोंदणी कर.

आणि नोंदणी अडते ती नावावर. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी आणि वडिलांच्या नावाचं कधी एकच अक्षर. बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका 'ए'चा फरक पडला तरी पडताळणी पुढं सरकत नाही. अनुभवी कामगाराची अडचण वेगळी. आधीच्या कंत्राटदारानं पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नसते, त्यामुळे कागदावर तो अजून तिथंच कामाला असतो. ही तारीख सोडल्यापासून दोन महिन्यांनी सभासदाला स्वतःच्या यूएएन लॉगिनमधून टाकता येते. फार थोड्या कामगारांना हे माहीत असतं. कंत्राटदाराच्या ऑफिसला चकरा मारून चपला झिजवतात.

मुलींच्या बाबतीत मी ऑनलाइनच्या बाजूनं आहे. असेंब्ली, क्वालिटी, वायरिंग हार्नेस अशा कामांना मुली मोठ्या संख्येनं येतात. पण अनोळखी एमआयडीसीत गेटोगेट फिरणं, वॉचमनच्या चौकशीला उत्तरं देणं, हे त्यांनी का सोसावं? घरून फोनवर पगार, पाळी, कंपनीची बस विचारून मगच निघावं. लांबून येणाऱ्यांचंही तेच. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेसचे पैसे भरायचे आणि महिनाभर गेटं पुजायची ही चैन शेतमजुराच्या घरातल्या मुलाला परवडत नाही.

फसवणूक दोन्हीकडे आहे, फक्त रूप वेगळं. व्हॉट्सॲपवर मोठ्या कंपनीच्या लोगोचं ऑफर लेटर येतं आणि युनिफॉर्म, मेडिकल, गेटपासचे पैसे मागितले जातात. गेटबाहेर एजंट तेच पैसे रोख मागतो. कामाला लावण्यासाठी जो पैसे मागतो तो काम देणारा नाही, एवढं धरून चालावं. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करावा.

मला विचाराल तर अप्रेंटिस, मोठी कंपनी किंवा लांबचं गाव असेल तर ऑनलाइनच. पण स्वतःच्या नंबरनं आणि स्वतःच्या शब्दांत. वर्कशॉपमधली नोकरी हवी असेल तर गेटवर या, सकाळची पाळी आत गेल्यावर, नऊ-साडेनऊच्या सुमारास. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात चांगले, कारण बोनस घेऊन बरीच मुलं जागा बदलतात. मार्कशीटच्या झेरॉक्स, आधार आणि पायात बूट एवढं पुरे. फक्त गुरुवारी येऊ नका. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते.