‘विकला नाही तोवर तोटा नाही’: हे वाक्य खिशाला इतकं महाग का पडतं?

समजा, मुलीच्या कॉलेज ॲडमिशनसाठी घरात १ लाख रुपये लागणार आहेत. बँकेत तेवढी शिल्लक नाही, पण डिमॅट खात्यात दोन कंपन्यांचे शेअर्स आहेत.

पहिल्या कंपनीचे शेअर्स काही महिन्यांपूर्वी ७० हजारांना घेतले होते, त्यांची आजची किंमत १ लाख आहे. दुसऱ्या कंपनीचे १ लाख ४० हजारांना घेतले होते, त्यांचीही आजची किंमत १ लाखच आहे.

विकायचे कोणते?

बहुतेक लोक पहिल्या शेअरकडे बोट दाखवतील. “तीस हजार सुटले, बस झालं. दुसरा कशाला विकायचा? चाळीस हजारांचा फटका बसेल. थांबू या, येईल वर.”

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, पण हिशेब करून बघितला तर चित्र उलटं दिसतं. दोन्ही शेअर्स आज १ लाखाचेच आहेत. ते कधीकाळी कितीला घेतले होते, हे बाजाराला माहीतही नाही आणि त्याचं बाजाराला काही पडलेलंही नाही. उद्या कोणता शेअर वाढेल हे कंपनीच्या धंद्यावर ठरणार, तुमच्या खरेदीच्या भावावर नाही.

त्यात कराचा मुद्दा आहेच. वर्षाच्या आत शेअर विकून ३० हजारांचा नफा झाला, तर त्यावर २० टक्के दराने साधारण ६ हजार रुपये कर लागतो. उलट तोट्यातला शेअर विकला, तर तो तोटा शेअर्सवरच्या दुसऱ्या नफ्यातून नियमांप्रमाणे वजा करता येतो. रिटर्न वेळेत भरलं असेल, तर उरलेला तोटा पुढची ८ वर्षं ओढताही येतो.

म्हणजे बाकी सगळं सारखं असेल, तर तोट्यातला शेअर विकणं जास्त सोयीचं. तरीही हात नफ्यातल्या शेअरकडेच जातो. असं का होतं?

शंभर रुपये हरवल्याचं दुःख, शंभर सापडल्याच्या आनंदाहून मोठं

याचं उत्तर शोधलं ते दोन मानसशास्त्रज्ञांनी. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वेर्स्की ही त्यांची नावं. १९७९ साली त्यांनी ‘प्रॉस्पेक्ट थिअरी’ मांडली. त्याआधीचं अर्थशास्त्र बहुतांशी असं धरून चालायचं की, माणूस पैशाचे निर्णय थंड डोक्याने आणि एकूण फायदा बघून घेतो. या दोघांनी लोकांना साधे प्रश्न विचारले आणि या गृहीतकालाच धक्का दिला.

एक प्रश्न असा होता : खात्रीने ३,००० मिळणार असतील किंवा ८० टक्के शक्यतेने ४,००० मिळणार असतील, तर काय निवडाल? १०० पैकी ८० जणांनी खात्रीचे ३,००० निवडले.

मग तोच प्रश्न उलटा केला. खात्रीने ३,००० गमवायचे, की ८० टक्के शक्यतेने ४,००० गमवायचे? आता मात्र १०० पैकी ९२ जण जुगार खेळायला तयार झाले.

आकडे तेच, माणसंही त्याच तऱ्हेची. फरक इतकाच की, पहिल्या वेळी प्रश्न मिळण्याचा होता आणि दुसऱ्या वेळी गमावण्याचा. नफा समोर असला की माणूस सावध होतो आणि पदरात पडेल ते घेतो. तोटा समोर आला की तोच माणूस धोका पत्करतो, कारण ‘कदाचित काहीच जाणार नाही’ ही आशा त्याला सोडवत नाही.

पुढे १९९२ मध्ये याच जोडीने या भावनेचं माप काढलं. त्यांच्या प्रयोगात तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा साधारण सव्वादोन पट भारी निघालं. या कामासाठी कानमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वेर्स्की यांचं १९९६ मध्येच निधन झालं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची

आता पुन्हा त्या दोन शेअर्सकडे येऊ.

नफ्यातला शेअर विकला की आपला निर्णय बरोबर होता यावर शिक्का बसतो. चार लोकांत सांगता येतं. तोट्यातला शेअर विकला की, निर्णय चुकला होता हे स्वतःशी कबूल करावं लागतं. कधी कधी घरच्यांसमोर, कधी ज्याच्या टिपवर घेतला त्या मित्रासमोरही.

म्हणून मग माणूस विकतच नाही. ‘विकला नाही तोवर तोटा नाही, तो फक्त कागदावर आहे’ असं म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसंच. फक्त इथे मुठीत सव्वा लाख आहेत की सव्वाशे, हे मोबाईलच्या स्क्रीनवर रोज दिसत असतं.

हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्ये या सवयीला ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ असं नाव दिलं. त्यानंतर टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरेज कंपनीकडची १० हजार खाती तपासली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. लोक नफ्यातले शेअर्स तोट्यातल्या शेअर्सपेक्षा खूपच जास्त प्रमाणात विकत होते. गंमत म्हणजे, विकून टाकलेल्या नफ्यातल्या शेअर्सनी पुढच्या वर्षभरात, सांभाळून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअर्सपेक्षा सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला.

म्हणजे बागेतली फुलझाडं उपटायची आणि तणाला खतपाणी घालायचं, असाच हा प्रकार.

आपल्याकडे काय होतं?

‘हे सगळं अमेरिकेत होत असेल’ असं वाटत असेल, तर सेबीचा अभ्यास बघा. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळात आलेल्या १४४ आयपीओंची माहिती सेबीने तपासली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला.

ज्या आयपीओंनी २० टक्क्यांहून जास्त परतावा दिला, त्यातले मूल्याच्या हिशेबाने ६७.६ टक्के शेअर्स गुंतवणूकदारांनी आठवड्याभरात विकून टाकले. जे आयपीओ तोट्यात गेले, त्यातले आठवड्याभरात विकले गेले फक्त २३.३ टक्के.

नफा दिसला की बाहेर आणि तोटा दिसला की मुक्काम. माणसाचा स्वभाव देश बघून बदलत नाही.

मूळ भाव परत येतोच, असं नाही

‘थांबलं की भाव येतोच’ या समजुतीत एक गणिती सापळाही आहे. शेअर १० टक्के पडला तर मूळ भावाला यायला साधारण ११ टक्के वाढ पुरते. पण ५० टक्के पडला तर १०० टक्के वाढ लागते. आणि ९० टक्के पडला तर तब्बल ९०० टक्के, म्हणजे दहापट व्हावं लागतं.

येस बँकेचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये हा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. नंतर तो पडत गेला. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध घातले. पुनर्रचनेच्या योजनेत तर १०० हून जास्त शेअर्स असलेल्यांच्या ७५ टक्के शेअर्सवर तीन वर्षांचा लॉक-इन आला. म्हणजे विकायची इच्छा झाली तरी विकता येईना. पुढच्या पाच वर्षांत तो जुना भाव परत दिसला नाही.

अशा पडत्या शेअरमध्ये आणखी एक मोह होतो, तो म्हणजे ‘ॲव्हरेज करण्याचा’. ३०० ला घेतला, २०० ला आणखी घेतला, १०० ला अजून. सरासरी भाव खाली येतो आणि मनाला बरं वाटतं. पण कंपनीचाच धंदा बिघडलेला असेल, तर बुडत्याचा पाय खोलात जातो.

घर, प्लॉट आणि चाळीतला कांदा

हे फक्त शेअर बाजारात घडतं असं मुळीच नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या फ्लॅट विक्रीचा अभ्यास झाला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत फ्लॅट विकावा लागणार होता, ते लोक इतरांपेक्षा जास्त किंमत सांगत होते. त्यामुळे त्यांचे फ्लॅट जास्त काळ पडून राहत होते.

आपल्याकडे तर गावोगावी असे प्लॉट दिसतील. “एवढ्याला घेतला होता, त्याखाली देणार नाही,” असं म्हणत दहा-दहा वर्षं पडून राहिलेले. दरम्यान, त्याच माणसाच्या डोक्यावर जास्त व्याजाचं कर्ज चालूच असतं.

चाळीत साठवलेल्या कांद्याचंही असंच. भाव वाढेल असा अंदाज बांधून थांबणं वेगळं, तो धंद्याचा निर्णय झाला. पण ‘मागच्या आठवड्यात जो भाव चुकला, तोच मिळेपर्यंत विकणार नाही’ हा हट्ट वेगळा. पहिल्यात नजर पुढे असते, दुसऱ्यात ती मागे अडकलेली असते. आणि कांदा तर सडतोही.

सगळ्यात मोठा फटका : गेलेले पैसे परत आणण्याची घाई

तोटा मान्य न करण्याची ही वृत्ती सर्वात जास्त महाग पडते ती फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे एफ अँड ओमध्ये. सकाळी १० हजार गेले की दुपारपर्यंत ते परत आणायचेच, या ईर्ष्येने मोठा सौदा केला जातो. तोही गेला की त्याहून मोठा. पत्त्यांच्या डावात हरलेला माणूस ‘अजून एकच डाव’ म्हणतो, तेच इथे ॲपवर होतं.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालातले आकडे सांगतात :

- २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.
- खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये होता. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त.
- सलग दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक तरीही ट्रेडिंग करत राहिले.
- २०२३-२४ मध्ये ७५ टक्क्यांहून जास्त ट्रेडर्सनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी असल्याचं सांगितलं होतं.

शेवटचे दोन मुद्दे एकत्र वाचले की चित्र लक्षात येतं. ज्यांना २ लाखांचा फटका परवडत नाही, तेच लोक तोटा भरून काढायला पुन्हा बसतायत. बऱ्याच वेळा घरी पत्ता नसतो. कळतं तेव्हा एफडी मोडलेली असते, दागिने गहाण पडलेले असतात आणि पर्सनल लोनचे हप्ते सुरू झालेले असतात.

मग तोट्यातलं सगळं विकून टाकायचं का?

नाही. हा उलट टोकाचा अर्थ झाला. चांगल्या कंपनीचा शेअर किंवा म्युच्युअल फंड संपूर्ण बाजारासोबत पडला असेल, तर थांबणं योग्यही ठरू शकतं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळून २६ हजारांखाली बंद झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याच सेन्सेक्सने पहिल्यांदा ५० हजारांचा आकडा ओलांडला. घाबरून विकणाऱ्यांनी हीच वाढ गमावली.

थांबण्याचं कारण काय आहे, हे महत्त्वाचं. ‘कंपनी अजूनही चांगली आहे’ हे कारण झालं. ‘मी जास्त भावाने घेतला होता’ हे कारण नव्हे, ती फक्त आठवण आहे.

यावर उपाय काय?

भावना बंद करता येत नाहीत. पण भावना जोरात असताना निर्णय घ्यावा लागू नये, अशी सोय आधीच करता येते.

१. एकच प्रश्न विचारायचा. आज हातात तेवढीच रोख रक्कम असती, तर हाच शेअर, हाच प्लॉट आजच्या भावाने घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो सांभाळण्यामागे बहुधा फक्त जुना भाव आहे.

२. घेतानाच लिहून ठेवायचं. का घेतला आणि काय घडलं तर विकायचा, या दोन ओळी वहीत किंवा मोबाईलमध्ये. तेव्हा डोकं शांत असतं.

३. रोज बघणं कमी करायचं. बाजार रोज वरखाली होतो. जितक्या वेळा ॲप उघडाल, तितक्या वेळा तोटा दिसण्याची शक्यता जास्त. वीस वर्षांसाठीची एसआयपी दिवसातून पाच वेळा तपासण्यात काही हशील नाही.

४. तोट्यानंतर सक्तीची सुट्टी. मोठा फटका बसला की त्या दिवशी पुढचा सौदा नाही. हा नियम पाळला जात नसेल, तर ब्रोकरकडे सांगून एफ अँड ओचा सेगमेंट बंदही करता येतो.

५. घरात सांगायचं. लपवलेला तोटा गुपचूप भरून काढण्याच्या नादात वाढतो. घरात चार शिव्या पडतील, पण त्या सहसा पुढच्या सौद्यापेक्षा स्वस्त पडतात.

राहता राहिला प्रश्न ॲडमिशनचा. त्या घराने कोणताही शेअर विकला तरी फी भरली जाईल. पण निर्णय घेताना दोन्ही कंपन्यांच्या पुढच्या वाटचालीचा आणि कराचा विचार झाला, की फक्त खरेदीचा भाव आठवला, यावर पाच वर्षांनी खात्यात काय उरतं ते ठरेल.

तोटा विकल्यावर होत नाही. तो आधीच झालेला असतो. विकताना फक्त तो मान्य करावा लागतो.