रजिस्टर म्हणजे वही नव्हे

भोसरी एमआयडीसीत ‘रजिस्टर’ म्हटलं की गेटवरची जाडजूड वही डोळ्यांपुढे येते. प्रोसेसरमधलं रजिस्टर नेमकं त्याच्या उलट. तो चिपच्या आतला आठ बाइटांचा कप्पा, आत्ता चालू असलेल्या कामाचा आकडा धरणारा. काम बदललं की आकडाही पुसला जातो. वही ठेवायचं काम कर्नेलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं.

मशीन शॉपमध्ये पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर लिहून ठेवतो : जॉब कुठवर आला, टूल कोणतं बदललं, ऑफसेट किती दिला. ही नोंद पुढच्या पाळीसाठी असते. पीस रिजेक्ट का झाला हे शोधायला क्वालिटीवाला आला, तर तोही हीच वही उघडतो. लिनक्समधले एसट्रेस हा ट्रेसर आणि जीडीबी हा डीबगर हे असे क्वालिटीवाले. ‘पीट्रेस’ या सिस्टिम कॉलमधून, म्हणजे कर्नेलकडे केलेल्या मागणीतून, ते दुसऱ्या प्रोसेसची रजिस्टर्स पाहतात. हिंजवडी ते चाकण पट्ट्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचा त्यांच्याशी संबंध येतोच; कारण डॅशबोर्डवरचे पडदे आता बऱ्याचदा लिनक्सवर किंवा त्यावर उभ्या असलेल्या अँड्रॉइडवर चालतात.

गैरसमज १ : डीबगर थेट प्रोसेसरमधली रजिस्टर्स वाचतो.

वस्तुस्थिती : इथे हा समज होणं साहजिक आहे. इंजिनच्या ईसीयूवर काम करणारा जेटॅग प्रोब लावतो, कोअर थांबवतो आणि खरोखरच चिपमधली रजिस्टर्स वाचतो. लिनक्सवरचा डीबगर मात्र त्याच मशीनवर चालणारा आणखी एक प्रोग्राम. तो ज्या कोअरवर चालतो, तिथल्या रजिस्टर्समध्ये त्याचेच आकडे असतात. थांबवलेल्या प्रोसेसचे आकडे तोवर मेमरीत गेलेले असतात. प्रत्येक थ्रेडला कर्नेल स्वतंत्र स्टॅक देतो, ६४ बिटी इंटेल-एएमडी मशीनवर १६ किलोबाइटचा. त्याच्या माथ्याशी ही नोंद असते. प्रोसेस खरंच थांबली आहे याची खात्री करूनच पीट्रेस ही नोंद वाचू देतो.

गैरसमज २ : ट्रेसिंग सुरू केलं की कर्नेल नोंद ठेवू लागतो.

वस्तुस्थिती : नोंद होतच असते. सिस्टिम कॉल असो वा इंटरप्ट, प्रोग्राममधून कर्नेलमध्ये पाऊल पडलं की ‘पीटी-रेग्ज’ नावाचा तक्ता भरला जातो : २१ रकाने, प्रत्येकी ८ बाइट, एकूण १६८. इंटरप्टच्या वेळी पाच रकाने प्रोसेसर स्वतः भरतो, उरलेले कर्नेल. प्रोग्राम जिथे थांबला तिथून पुढे चालावा, हा त्यामागचा हेतू. पीट्रेस म्हणजे इथे आयत्या बिळावरचा नागोबा!

या समजाला जुना आधारही आहे. पूर्वी साध्या सिस्टिम कॉलसाठी सहा रजिस्टर्स न नोंदवता पुढे जाण्याची जलद वाट होती. ट्रेसिंग चालू असेल तरच पूर्ण तक्ता भरला जाई. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये ती वाट काढून टाकली. एसट्रेस लावल्यावर प्रोग्राम रखडतो तो या नोंदीमुळे नव्हे. दर कॉलला आत जाताना आणि बाहेर येताना थांबून ट्रेसरची वाट पाहावी लागते, म्हणून.

गैरसमज ३ : सगळी रजिस्टर्स एकाच जागी ठेवलेली असतात.

वस्तुस्थिती : दशांश गणिताची आणि व्हेक्टर रजिस्टर्स वेगळ्या जागी जातात, कारण ती अवजड असतात. जुन्या एफएक्ससेव्ह पद्धतीतच त्यांना ५१२ बाइट लागतात, एव्हीएक्स आल्यावर त्याहून जास्त. ट्रेसरला मिळणाऱ्या तक्त्यात २१ ऐवजी २७ रकाने दिसतात. वरचे सहा सेगमेंटशी संबंधित आकडे कर्नेल इतर ठिकाणांहून गोळा करून देतो.

गैरसमज ४ : आरएएक्स पाहिलं की कोणता सिस्टिम कॉल झाला ते कळतं.

वस्तुस्थिती : कॉलचा क्रमांक प्रोग्राम आरएएक्समध्येच देतो, पण कॉलचं उत्तरही त्याच कप्प्यात परत यायचं असतं. म्हणून कर्नेल मूळ क्रमांक ‘ओरिग-एएक्स’ या जादा रकान्यात जपतो आणि एएक्सच्या, म्हणजे आरएएक्सच्या, रकान्यात सुरुवातीला उणे ३८, म्हणजे ‘असा कॉल नाही’, लिहून ठेवतो. आत जाताना थांबवलेल्या प्रोसेसचं एएक्स पाहून गोंधळलेल्यांना हा उणे ३८ ओळखीचा असेल.

गैरसमज ५ : ट्रेसर हवं ते मूल्य बदलू शकतो, आणि प्रोसेसर लगेच बदलतो.

वस्तुस्थिती : बदल होतो तो वहीत. प्रोसेस पुन्हा चालू होताना तो रजिस्टरमध्ये उतरतो. शिवाय कर्नेल खाडाखोड तपासतो : फ्लॅग्जमधले ठरावीक बिटच बदलू देतो आणि प्रोग्रामला कर्नेलचे अधिकार मिळतील असा सेगमेंट नाकारतो.

गैरसमज ६ : तक्ता सगळीकडे सारखाच.

वस्तुस्थिती : तो प्रोसेसरनुसार ठरतो. गाड्यांच्या पडद्यामागे बहुधा एआरएम प्रोसेसर असतो. ६४ बिटी एआरएमवर ट्रेसरला ३४ आकडे मिळतात : ३१ सर्वसाधारण रजिस्टर्स, स्टॅक पॉइंटर, प्रोग्राम काउंटर आणि स्थितिदर्शक, मिळून २७२ बाइट. जुनी ‘गेट-रेग्ज’ ही मागणी तिथे चालतच नाही, ‘गेट-रेगसेट’ वापरावी लागते.

चाचणीच्या गाडीत एखादं नेटिव्ह कोडमधलं ॲप कोसळलं, की अँड्रॉइडचा क्रॅश-डंप पीट्रेसचीही मदत घेऊन ही माहिती गोळा करतो आणि फाइलमध्ये उतरवतो. फाइलचं नाव ‘टूमस्टोन’, म्हणजे थडग्यावरचा दगड. इंजिनिअर त्यातला प्रोग्राम काउंटर पाहून चुकीच्या ओळीपर्यंत पोचतो. नोंद पुढच्या पाळीसाठी लिहिलेली असते; कोसळलेल्या प्रोसेसची पुढची पाळी येत नाही, तेव्हा ती वाचायला फक्त क्वालिटीवाला उरतो.