आजोबांच्या बंदुकीचा दस्ता

चोपड्याच्या आमच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एक जुनी एकनळी बंदूक आहे. रानडुकरांपासून भात राखायला आजोबांनी घेतलेली. आता परवाना बाबांच्या नावावर. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. यंदा आणली तेव्हा दस्त्यावरच्या व्हार्निशचे पापुद्रे हाताला येत होते.

शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. म्हणून बाबांसोबत दुकानात गेलो आणि त्यांच्या देखरेखीखाली लाकडाला हात लावला. रिमूव्हरने व्हार्निश मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढले; पाते लावले की लाकूड ओरबाडते. दबलेल्या खड्ड्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले मात्र येत नाहीत! मग रेषांच्या दिशेनेच बारीक पॉलिश पेपर. लोखंडाला भिडणाऱ्या कडा घासल्या नाहीत, नाहीतर फट पडते.

गाल टेकतो तिथे लाकूड काळपट झाले होते. “एकसारखा रंग हवा तर अजून घासा,” कारागीर म्हणाले. तो डाग आजोबांचा. मी थांबलो.

वर जवसाच्या तेलाचे पातळ हात. पावसाळी हवेत प्रत्येक हात वाळायला वेळ लागतो. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका. तेल वाळताना तापते, फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात बुडवावीत.

बाबा एवढेच म्हणाले, “डुकरांना काय कळणार?”